गुलमर्गची आगाऊ बातमी

८ नोव्हेंबर १९८१, रविवार. सकाळी सात

आजपासून रोजनिशी. वर्षाचे दोन महिनेही उरलेले नाहीत, पण डायरी जवळजवळ कोरी आहे. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाबद्दलही असंच म्हणता येईल. पण आज तो विषय नाही.

विषय: बर्फ.

काल पेपरच्या ऑफिसातल्या रद्दीतून एक इंग्रजी साप्ताहिक उचललं. आत रंगीत फोटो. पांढरा उतार, त्यावर आई, बाप, मुलगी. पायांना लांब फळ्या, हातात काठ्या. तिघंही हसतायत. खाली लिहिलंय की स्कीइंग हा अवघड प्रकार नाही, नवशिक्या कुटुंबानेही गुलमर्गला खुशाल जावं. फोटोतला बाप माझ्यापेक्षा जाड आहे.

संकल्प: फेब्रुवारीत गुलमर्ग, सहकुटुंब. मी, सगुणा, विमल.

सगुणा सध्या विंचूरला असते. जिल्हा परिषदेने जूनमध्ये तिची तिकडे बदली केली. बावीस वर्षं नोकरी केलेल्या शिक्षिकेला असं वागवतात. तिथे ती बहिणीकडे, शकुबाईकडे राहते. दिवाळीत दोन दिवस येऊन गेली. भाऊ नसताना भाऊबीजेला परत गेली.

गुलमर्गनंतर सगळं ठीक होईल. म्हणजे ठीक आहेच, अधिक होईल.

९ नोव्हेंबर, सोमवार

काश्मीर पर्यटनाच्या मुंबई ऑफिसला पत्र टाकलं.

स्कीला मराठी शब्द नाही. संस्कृत पाठशाळेत बारा वर्षं काढलेल्या माणसाने अशा वेळी हात बांधून बसू नये. स्की म्हणजे हिमपादुका. स्कीइंग म्हणजे हिमावतरण. विमलला ऐकवलं. ती म्हणाली, नाना, पादुका पुजतात, त्या घालून कोणी घसरत नाही. मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या वर्षी अजून शहाणी होईल, त्याची धास्ती वाटते.

१५ नोव्हेंबर, रविवार

सगुणा याही रविवारी आली नाही. विंचूर-नाशिक एसटीचे हाल सर्वश्रुत आहेत, मी त्यावर तीनदा लिहिलंय. विमल म्हणाली, काल मी त्याच एसटीने गेले आणि आज त्याच एसटीने आले, बसायला जागा मिळाली. म्हटलं, तरुणांची गोष्ट वेगळी.

लग्न झालं त्या वर्षी सगुणाने विचारलं होतं, बर्फ खरंच आभाळातून पडतो का. म्हटलं, दाखवीन. त्यानंतर दर वर्षी काही ना काही निघालं. निवडणूक, दुष्काळ, सिंहस्थ, परत निवडणूक. बातमी कोणासाठी थांबत नाही. सगुणा थांबायची.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

पुस्तिका आली. गुळगुळीत कागद, आर्टपेपर म्हणतात तो. नवशिक्यांसाठी सूचना दिल्यात. सारांश:

उभं राहायला शिकण्याआधी पडायला शिकावं. पडायचं ते कुशीवर, मागे नाही. पडल्यावर आपलं आपण उठावं. थांबायचं असेल तर टाचा बाहेर, बोटं आत, नांगराच्या आकारात. (गंगापूरच्या शेतकऱ्याच्या पोराला हे लोक नांगर शिकवतायत.) शेवटची सूचना अशी की निघण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाला विचारावं. कोणाला घसरायचंय, कोणाला नुसतं चहा घेत बसायचंय, कोणाला यायचंच नाही. जबरदस्ती करू नये.

ही शेवटची सूचना परदेशी कुटुंबांसाठी असावी.

२ डिसेंबर, बुधवार

जिल्हा परिषदेत गेलो. बेत असा की सगुणाची बदली रद्द करून घ्यायची आणि गुलमर्गला पहिल्या संध्याकाळी तो कागद तिच्या हातात ठेवायचा. शिक्षण विभागातले हेडक्लार्क ओळखीचे. त्यांना अर्धा तास अन्याय समजावला. त्यांनी बदल्यांची यादी काढली. अनुक्रमांक एकेचाळीस, सौ. सगुणाबाई. शेवटच्या रकान्यात टाइप केलेलं: 'विनंतीवरून'.

टायपिस्टची चूक त्यांच्या लक्षात आणून दिली.

त्यांनी कपाटातून फाइल काढली, एक अर्ज उलगडून माझ्यासमोर ठेवला. वीस एप्रिलचा. अक्षर वळणदार, ओळी सरळ. 'कारण: कौटुंबिक.' खाली सही. चष्मा नसल्याने नीट वाचता आला नाही. (यादी वाचताना होता.)

असे अर्ज शिक्षिकांकडून दडपणाखाली लिहून घेतात असा माझा संशय आहे. यावर एक लेखमाला होईल.

हेडक्लार्कनी चहा मागवला. वीस वर्षं या ऑफिसात जातोय, कोणी चहा विचारला नव्हता.

१२ डिसेंबर, शनिवार

हरसूलला बाजाराची बातमी करायला गेलो, ती अर्ध्या तासात झाली. मग सराव.

हिमपादुका बांबूच्या केल्यात. बांबू काळूच्या शेताच्या बांधावरचा. काळू इथला जुना माहीतगार, पावसापासून पिकापर्यंतच्या सगळ्या बातम्या त्याच्याकडून घेतो. बांबू उभा चिरून टोकं विस्तवावर वाकवून दिली त्याने. डोंगराच्या उतारावर गवत वाळून चकचकीत झालंय, पाय ठरत नाही. बर्फाला याहून जवळचा पदार्थ नाशिक जिल्ह्यात मिळणार नाही.

काळूने बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, भाऊ, म्हैस घसरली तर समजतं, ती मुकी हाय. तुम्ही कशापायी घसरता?

त्याला गुलमर्ग सांगितलं. बायको, मुलगी, बर्फ. त्याने सगळं ऐकलं आणि विचारलं, बाई काय म्हनते?

म्हटलं, खूश होईल.

म्हणाला, होईल ते होईल. इचारलं का?

ग्रामीण माणसाला सरप्राइज ही कल्पना समजावणं कठीण आहे.

तिसऱ्या अवतरणात नांगर झाला नाही. पडलो. मागे पडलो.

१३ डिसेंबर, रविवार

घोटा सुजलाय. किरकोळ. हाडवैद्य म्हणाला, पंधरा दिवस पाय टेकू नका. विमल पट्टी बांधत म्हणाली, आईला कळवू का. म्हटलं, नको, उगाच धावत येईल. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, बरं, नाही कळवत.

तिला कळवलं असतं तरी चाललं असतं. तिने जरा आग्रह करायला हवा होता.

२० डिसेंबर, रविवार

परवा तिबेटी स्वेटरवाल्यांकडून विमलकरवी सामान मागवलं. तीन कानटोप्या, हातमोजे तिघांचे, पायमोजे तिघांचे. सगुणाचे पायमोजे करड्या रंगाचे, जाड लोकरीचे. तिच्या पायाचं माप माहीत नव्हतं. बावीस वर्षांत कधी लागलं नव्हतं. विमलने सांगितलं.

काल सगुणाचा वाटा विमलबरोबर विंचूरला पाठवला. विमल आज परतली. विचारलं, काय म्हणाली. विमल म्हणाली, पुडकं सोडलं, मोजे हातात धरून बसली, मग म्हणाली, बघू.

'बघू' म्हणजे बायकांच्या भाषेत होकार. विमल म्हणाली, नाना, मी काही मागितलं की तुम्ही 'बघू' म्हणता, त्याचा अर्थ काय असतो?

जेवण झाल्यावर विषय बदलला. म्हणजे मी बदलला.

२७ डिसेंबर, रविवार

पाय बरा आहे. बसल्या बसल्या गुलमर्गचा लेख लिहून काढला.

यात विचित्र काही नाही. माझी पद्धतच ही. उद्घाटनाची बातमी मी आदल्या दिवशी लिहितो. 'टाळ्यांच्या कडकडाटात' हे शब्द टाळ्यांच्या आधी लिहिले तरी टाळ्या वाजतातच. एकदा प्रमुख पाहुणे आलेच नाहीत आणि त्यांचं भाषण प्रभावी झाल्याचं छापून आलं. कोणी तक्रार केली नाही, पाहुण्यांनीसुद्धा.

लेख उत्तम उतरलाय. नमुन्यादाखल:

'कापसाच्या राशीवर चालावे तसे आम्ही चालत होतो. सौ. सगुणाबाई प्रथम बिचकल्या. मग माझा हात धरून त्या चार पावले घसरल्या आणि लहान मुलीसारख्या हसल्या. म्हणाल्या, तुम्ही म्हणाला होता आणि दाखवलेत. मी भरून पावले.'

हे लिहिताना डोळ्यांत पाणी आलं. लेखन साधलं की असं होतं.

या पद्धतीबद्दल सगुणाचा एक गैरसमज आहे, तो इथे नोंदवतो. गेल्या फेब्रुवारीत सासरे, सावळीरामअप्पा, दवाखान्यात होते. डॉक्टरांनी आशा सोडलेली. विंचूरमधलं मोठं प्रस्थ, बातमी सविस्तर द्यायला हवी, म्हणून मी निधनवार्ता तयार ठेवली. तारीख तेवढी कोरी. 'कन्या सगुणाबाई यांचा शोक अनावर झाला' असं शेवटी. तो कागद माझ्या शर्टाच्या खिशात राहिला आणि धुण्याच्या वेळी तिच्या हाती लागला. अप्पा त्यानंतर तीन आठवडे होते. ते तीन आठवडे ती रोज त्यांच्या उशाशी बसायला जायची.

कागदाबद्दल एक शब्दही बोलली नाही. म्हणजे पटलं असणार.

अप्पा गेले तेव्हा ती रडली नाही. बातमीतलं ते वाक्य मला ऐन वेळी काढावं लागलं.

३ जानेवारी १९८२, रविवार

नवी डायरी. नवा संकल्प: काही गृहीत धरायचं नाही. काळूचं बोलणं डोक्यातून जात नाही. तर विचारायचं. संक्रांतीला विंचूरला जायचं, तिळगूळ द्यायचा आणि सरळ विचारायचं: सगुणा, तू येशील का. चार शब्द आहेत. मी चार कॉलम लिहिणारा माणूस.

१४ जानेवारी, गुरुवार. संक्रांत

विंचूरला गेलो. सकाळी अकराला शाळेच्या फाटकाशी पोचलो.

पोरं मैदानात लंगडी खेळत होती. सगुणा पंच. एका पोरीने बाईंना आत ओढलं. तर ही पदर खोचून एका पायावर निघाली. सहा-सात उड्या मारल्या, तोल गेला, कुशीवर पडली. मागे नाही, कुशीवर. आपली आपण उठली. साडीची माती झटकत हसत होती, पोरंही हसत होती.

मी रस्त्यापलीकडे कांद्याच्या ट्रॅक्टरमागे उभा होतो. तिने मला बघितलं नाही.

ती अशी हसते हे माझ्या लक्षात नव्हतं. लेखात 'लहान मुलीसारख्या' लिहिलंय ते साधारण बरोबर आहे.

शाळेत गेलो नाही. चालू तासाला अडथळा नको. शकुबाईकडे गेलो. ती दारातच म्हणाली, दाजी, एवढ्या उन्हात कानटोपी? म्हटलं, सवय करतोय. तिळगूळ दिला. गोड बोल म्हटलं.

ती म्हणाली, गोडच बोलते, पन खरं बोलते. बाई हितं बरी हाय. तिला झोप लागती आता. नाशकात लागत नव्हती, तुम्हाला ठाव हाय का?

म्हटलं, मला कधी बोलली नाही.

म्हणाली, तुम्ही घरात असायचे कवा? आन असले तरी लिहीतच की. ते अप्पांचं लिहिलेलं हाय ना, तो कागद तिनं अजून ठिवलाय. पत्र्याच्या पेटीत, पातळांच्या खाली.

हे ऐकून बरं वाटलं. माझं हस्तलिखित तिने जपून ठेवलंय.

शाळा सुटायला वेळ होता, मला प्रेसची घाई. शकुबाईकडे निरोप ठेवला: पाच फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळची पॅसेंजर. आम्ही नाशिकरोडहून बसतो, सगुणाने लासलगावला चढावं. मनमाडला झेलम एक्स्प्रेस. शकुबाई म्हणाली, सांगते. पुढं तिचं ती बघंल.

होकारच आहे.

विचारायचं तेवढं राहिलं.

२४ जानेवारी, रविवार

तीन बर्थ मिळाले. रजा मंजूर. 'शहरवार्ता' सदरात दोन ओळी येणार: आमचे ज्येष्ठ प्रतिनिधी सहकुटुंब गुलमर्गला रवाना.

लेख किती कॉलम होतो ते बघावं म्हणून धोंडीरामकडून कंपोज करून घेतला. धोंडीराम आमचा कंपोझिटर, खिळे जुळवताना जगातलं सगळं उलटं वाचतो, म्हणून त्याला फसवणं अवघड. तो म्हणाला, पंडितजी, 'सौ. हसल्या' असं लिहिलंय. जाऊन आलात का? म्हटलं, जाणार आहे. म्हणाला, वहिनी हसल्या नाहीत तर खिळे बदलावे लागतील, आत्ताच सांगा. म्हटलं, हसतील. जुळवलेला मजकूर बांधून बाजूला ठेव.

पावणेतीन कॉलम झाला.

३ फेब्रुवारी, बुधवार

बांधाबांध. दूधवाल्याला दहा दिवस येऊ नको सांगितलं. दशम्या, चिवडा, तिखटमिठाच्या पुऱ्या, तिघांना जातायेता पुरेल इतकं. विमलने केलं. करताना गप्प होती. विचारलं, तुला आनंद झाला नाही का? म्हणाली, नाना, आईने येते म्हटलंय का, स्वतःच्या तोंडाने? म्हटलं, तुझ्या आईने लग्नालाही स्वतःच्या तोंडाने हो म्हटलं नव्हतं.

ती म्हणाली, तेच.

५ फेब्रुवारी, शुक्रवार. मनमाड स्टेशन, फलाटावरच्या बाकावर

घडलं त्या क्रमाने लिहितो. तशी सवय नाही.

पॅसेंजर वेळेवर सुटली. निफाड गेलं. लासलगाव आलं. मी दारात. सगुणा फलाटावर होती.

सामान नव्हतं. हातात फडक्यात बांधलेला डबा. पायात करडे मोजे, त्यावर चपला.

म्हटलं, चढ लवकर, गाडी दोन मिनिटं थांबते.

ती चढली नाही. डबा माझ्या हातात दिला. म्हणाली, घोटा बरा आहे ना? तिला कोणी सांगितलं माहीत नाही. मग म्हणाली, मला एकदा विचारायचं होतंत. मी नाही म्हटलं असतं. पण तेवढं मला म्हणू द्यायचं होतंत.

एवढ्यात विमल बॅग घेऊन माझ्या बाजूने खाली उतरली. सकाळपासून तिची बॅग इतकी जड का वाटत होती ते कळलं. पुस्तकं होती. ती म्हणाली, नाना, तुम्हीही उतरा. घरी जाऊ, चहा घेऊ. मी पंधरा तारखेला, सोमवारी येतेच आहे कॉलेजला.

मी म्हटलं, झेलम चुकेल.

हे मी का म्हटलं माहीत नाही. गाडी हलली. दोघी फलाटावर शेजारी शेजारी उभ्या होत्या. सगुणाने हात हलवला नाही, पण गाडी वळेपर्यंत गेलीही नाही.

झेलम आली. डब्याच्या दारापाशी चार्ट चिकटवलेला होता. त्यावर आमची तिघांची नावं, एकाखाली एक. मल्हारी, सगुणा, विमल. बऱ्याच दिवसांत तिघांची नावं एका कागदावर बघितली नव्हती. शिधापत्रिका सोडून. वाचत उभा राहिलो. गाडी सुटली, चार्टही गेला.

डबा उघडला. तीन भाकरी, पिठलं, कांदा फोडून, लसणाची चटणी.

एका माणसापुरता होता.

६ फेब्रुवारी, शनिवार. गंगापूर रोड, घरी

परतलो. रिक्षा दोन गल्ल्या अलीकडे सोडली. शहरवार्तेत आम्ही रवाना झालोय, आता दिसणं बरं नाही. खिडक्या बंद ठेवल्यात. चौदा तारखेपर्यंत मी गुलमर्गला आहे.

७ फेब्रुवारी, रविवार

दूध नाही. कोरा चहा, दशमी.

पेपर दारातल्या फटीतून आत आला. पेपरवाल्याला सांगायचं राहिलं होतं. रविवारच्या पानावर पावणेतीन कॉलम: 'सहकुटुंब हिमावतरण'. खाली माझं नाव, 'गुलमर्ग येथून'.

झालं असं असणार. शनिवारी संध्याकाळी पानात भोक पडलं. कोणाचा मजकूर आला नाही. धोंडीरामला बाजूला बांधून ठेवलेला माझा दिसला. पंडितजी गेलेत, म्हणजे लागलीच वापरायला हरकत नाही. त्याची चूक नाही.

'चार पावले घसरल्या आणि लहान मुलीसारख्या हसल्या.' छापलेलं वाचलं की खरं वाटतं. दोनदा वाचलं.

शांतपणे विचार करता कोणाच्या लक्षात येणार नाही.

९ फेब्रुवारी, मंगळवार

आजचा कार्यक्रम (पुस्तिकेप्रमाणे): नवशिक्यांसाठी लहान उतार, मार्गदर्शकासह. कानटोपी, हातमोजे घालून पुढच्या खोलीत नांगराचा सराव केला. टाचा बाहेर, बोटं आत. थांबणं आता जमतं. पण मी हलतच नव्हतो, हेही खरं.

दाराच्या फटीतून दोन चिठ्ठ्या आल्या. एक वाचनालयाच्या चिटणीसांची: परत आल्यावर 'नवशिक्या कुटुंबांसाठी स्कीइंग' या विषयावर व्याख्यान द्यावं, सहकुटुंब सत्कार करू. दुसरी समोरच्या बंगल्यातल्या ओव्हरसियरची: मे महिन्यात आम्ही पाचजण जातोय, वहिनींना विचारून सांगा, बायकांना थंडी सोसते का.

फराळ तिघांचा आहे. संपत नाही.

१० फेब्रुवारी, बुधवार. दुपारी

पोस्टमनने पाकीट टाकलं. विंचूरचा शिक्का. अक्षर वळणदार, ओळी सरळ. पत्ता गंगापूर रोड, घरचा. वर नाव माझं.

अख्खं नाशिक मला गुलमर्गला समजतंय. तिने पत्र घरी टाकलं.

आत लेखाचं कात्रण. लाल शाईने तपासलेलं. तिच्या चौथीच्या वह्या असतात तसं.

'कापसाच्या राशीवर' याखाली रेघ. समासात: 'पाहून लिहिले का?'

तारखेभोवती गोल. 'या दिवशी गाडी जम्मूलाही पोचली नसेल.' हे संपादकांच्या लक्षात आलं नाही, वाचनालयाच्याही नाही.

'सौ. सगुणाबाई प्रथम बिचकल्या' याला फुली नाही. बरोबरची खूण आहे. ही खूण मी बराच वेळ बघत होतो.

'मी भरून पावले' यावर काट मारलेली. 'हे मी म्हटलेले नाही.'

'हसल्या' याभोवती गोल. समासात नुसतं: 'कधी?'

मी बघितलंय तिला हसताना. ट्रॅक्टरमागून. पण ते मला सिद्ध करता येणार नाही आणि तिथे बर्फ नव्हता.

कात्रणाला दुसरा कागद टाचलेला होता. जुना, धुण्यात भिजून वाळलेला, घड्यांवर फाटलेला. अप्पांची निधनवार्ता, माझ्या अक्षरात, तारीख कोरी. 'शोक अनावर झाला' याखाली लाल रेघ, फार जोराने ओढलेली, कागद कापला गेलाय. बाजूला काही लिहिलेलं नाही.

हस्तलिखित जपून ठेवलं होतं ते यासाठी.

मागच्या बाजूला चार ओळी:

'मोजे ठेवून घेतले. शनिवारी सकाळची शाळा असते, गार लागते. विमलला परीक्षेपर्यंत दूध रोज द्या. तिखटमिठाच्या पुऱ्या आधी संपवा, दशम्या टिकतात. मी आता परत येणार नाही. हे होऊन गेले आहे, लिहायला हरकत नाही.'

सही नाही. वहीवर असतं तसं, खाली उजव्या कोपऱ्यात: 'पाहिले.' आणि तारीख.

सायंकाळी

जिल्हा परिषदेतला तो अर्ज मला नीट वाचता येत होता. चष्मा होता.

११ फेब्रुवारी, गुरुवार

खिडक्या उघडल्या. ओव्हरसियर अंगणात होता. म्हणाला, अरे, लवकर आलात. म्हटलं, गेलो नव्हतो. तो हसला. त्याला तो विनोद वाटला. त्याच्याकडे बघत उभा राहिलो तेव्हा हसणं थांबवलं आणि म्हणाला, आत या, चहा ठेवायला सांगतो. म्हटलं, नंतर.

वाचनालयात चिठ्ठी दिली, व्याख्यान होणार नाही. कारण लिहिलं: कौटुंबिक.

प्रेसमध्ये गेलो. धोंडीराम म्हणाला, पंडितजी, तुम्ही तर तिकडे होता. त्याला एक कागद दिला:

'खुलासा: गेल्या रविवारी प्रसिद्ध झालेल्या 'सहकुटुंब हिमावतरण' या लेखातील सहल झालेली नाही. सौ. सगुणाबाई विंचूर येथे असतात व तेथेच राहणार आहेत. त्यांच्या तोंडी घातलेली वाक्ये त्यांची नाहीत. चूक प्रतिनिधीची आहे.'

त्याने खिळे जुळवायला घेतले. अर्ध्यात हात थांबला. विचारलं, साहेबांना दाखवलंय का? म्हटलं, छापल्यावर बघतील. पुन्हा खिळे उचलत म्हणाला, माझंच चुकलं, मी विचारायला हवं होतं. म्हटलं, तुझं नाही.

मग त्याने विचारलं, ठळक घालू की साधा?

साधा.

अडीच सेंटिमीटर झाला. आतल्या पानावर, कांद्याच्या भावाखाली जागा होती.

येताना दूधवाल्याला सांगितलं, उद्यापासून परत सुरू कर. किती विचारलं त्याने. अर्धा लिटर म्हटलं, परीक्षा आहे घरात.

पुऱ्या संपवल्या. दशम्या राहिल्यात.

विमल सोमवारी येते म्हणाली होती. आली की लिहीन.